वाटेवरचे गाव : निमगाव केतकीच्या परिसरातील इतिहास, धर्म आणि वाङ्मय

एखाद्या लोकसमूहाचे सांस्कृतिक व्यक्तित्व कशातून घडते, ह्या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच केंद्रांकडे वळते. राजधानी, तीर्थक्षेत्र, मठ, ग्रंथकाराचे वास्तव्यस्थान अशा ठिकाणी साधने विपुल असतात आणि निष्कर्षही लवकर हाती लागतात. परंतु लोक बहुसंख्येने राहतात ते केंद्रांत नव्हे, तर दोन केंद्रांच्या मधल्या वाटेवर. इतिहास, धर्म आणि वाङ्मय ह्यांपैकी त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, कोणत्या रूपाने पोहोचले आणि काय पोहोचलेच नाही, हे पाहिल्यावाचून ह्या तिहींच्या सामर्थ्याची खरी परीक्षा होत नाही. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव अशा परीक्षेस सोयीचे आहे.

नीरा आणि भीमा ह्या दोन नद्यांच्या दुआबात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या मार्गावर हे गाव वसले आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात निमगाव दावडी, निमगाव म्हाळुंगी, निमगाव सावा अशी अनेक निमगावे असल्यामुळे गावाची ओळख पटते ती जोडनावाने. राज्यांच्या आणि ग्रंथांच्या प्रचलित इतिहासांत ह्या गावास स्वतंत्र प्रकरण नाही. मात्र त्याच्या पूर्वेस इंदापूर आहे, पश्चिमेस बारामती आहे, आणि ह्या दोन्ही ठिकाणांची नावे मराठी इतिहासात व वाङ्मयात ठळकपणे येतात.

प्रथम इंदापूर घेऊ. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूर येथे युद्धात पडले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त ह्या प्रसंगाचा निर्देश आहे. प्रसंगाच्या सालाबद्दल मात्र अभ्यासकांत मतैक्य नाही. १६०६ पासून १६२२ पर्यंत निरनिराळी साले सुचविली गेली आहेत. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे व चाकण ह्यांच्याबरोबर इंदापूरचाही समावेश होता. म्हणजे ज्याला स्वराज्याचा आरंभीचा मुलूख म्हणतात, त्याची ही पूर्वेकडील कड होय. ह्याच मालोजींचे नाव परंपरेने दोन मुसलमान सत्पुरुषांशी जोडले आहे. नगरच्या शहाशरीफांच्या कृपेने पुत्र झाले म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे तर मालोजींचे गुरू मानले जातात. ह्या शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत पूर्ण केला आणि पुढे महिपतींनी ‘भक्तविजया’त त्यांना संतांच्या मालिकेत बसविले. बखरींतील कथा जशाच्या तशा स्वीकारण्याचे कारण नाही. पण सतराव्या शतकाच्या आरंभी ह्या मुलखातील एका सरदार घराण्याला अशी गुरुपरंपरा विसंगत वाटली नाही आणि उत्तरकालीन मराठी लेखकांनाही ती लपवावीशी वाटली नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते. ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ हे दोन बंद कप्पे कल्पून ह्या प्रदेशाची ओळख मांडणाऱ्यांनी हा पुरावा प्रथम विचारात घ्यावयास हवा.

आता बारामती. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईक जोशी ह्यांच्या आश्रयाने बारामतीस स्थायिक झाले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावलि’ ह्या त्यांच्या रचना बारामतीच्याच. निमगावापासून हे स्थान पालखीच्या हिशेबाने अवघ्या दोन मुक्कामांवर आहे. एवढा मोठा कवी एवढ्या जवळ राहून गेला असता परिसराच्या वाणीवर त्याचा ठसा सर्वाधिक असावयास हवा होता. वस्तुस्थिती तशी नाही. मोरोपंतांची आर्या हरिदासी कीर्तनात रुळली आणि १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले ह्यांच्या ‘नवनीता’तून ती शिकणाऱ्या पिढ्यांच्या पाठांतरात गेली. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ती बसली नाही. तिची संस्कृतप्रचुर घडण हे त्याचे एक कारण खरेच. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ‘पांडवप्रताप’ आणि ‘हरिविजय’ लिहिणाऱ्या श्रीधरांची ओवीही काही निव्वळ बोलभाषेतली नव्हे. तरीही चातुर्मासात देवळांतून आणि ओसऱ्यांवरून श्रीधरांचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले. महाभारत खेडोपाडी कळले ते बव्हंशी श्रीधरांच्या द्वारा. फरक भाषेच्या अवघडपणाइतकाच ऐकण्याच्या रीतीत आहे. श्रीधरांच्या ग्रंथाला गावात एक ठरलेला काळ, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला श्रोतृवर्ग मिळाला. मोरोपंतांना आश्रयदात्याची सभा मिळाली, पुढे छापखाना मिळाला. वाङ्मयेतिहासकारांची संत, पंत, तंत ही वाटणी ग्रंथांच्या कपाटासाठी सोयीची असेल. गावाने केलेली वाटणी वेगळी आहे. जे ऐकण्याची वहिवाट पडली ते आपले, बाकीचे आदरणीय.

ह्या वहिवाटींत सर्वांत बलवत्तर वहिवाट पालखीची. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज ह्यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पंढरपुरास पालखी नेण्याचा प्रघात पाडला. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता, संभाजी महाराजांचा मोगलांशी संघर्ष चालू होता, आणि पुढच्याच वर्षी विजापूर पडले. भीमेच्या खोऱ्यातून सैन्यांची ये-जा चालू असता त्याच मुलखातून टाळमृदंगाची एक मिरवणूक दर वर्षी नेण्याचे ठरविणे, ही घटना राजकीय इतिहासात क्वचितच नोंदली जाते. तुकाराम महाराजांची पालखी आज बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसरला, तेथून बेलवाडीचे रिंगण करून निमगाव केतकीस, मग इंदापूर व सराटी करीत नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. तिथींच्या क्षयवृद्धीप्रमाणे मुक्कामांत थोडा फरक पडतो. काही वर्षी मधला मुक्काम आंथुर्णे येथे होतो.

ह्या वाटेवरचे प्रत्येक गाव पालखीसाठी काही ना काही करते, आणि जे करते त्यावरून स्वतःला ओळखते. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि तेथेच पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. शास्त्रग्रंथांत ह्या विधींना आधार शोधू गेल्यास तो मिळणार नाही. धुणे हा ज्यांचा व्यवसाय त्यांनी स्वच्छ धोतर अंथरावे, मेंढरे हे ज्यांचे धन त्यांनी ती देवाभोवती फिरवावीत. उपजीविकेचे साधनच येथे पूजेचे साधन झाले आहे. बेलवाडीस मान रिंगणाचा. निमगावास मान मुक्कामाचा. एका रात्रीपुरती गावाची वस्ती अनेक पटींनी वाढते. दिंड्यांना जागा, पाणी, भाकरी पुरवावी लागते. समाजआरती होते, कीर्तन होते, जागर होतो. कोणत्या दिंडीला कोणाच्या घरी जेवण हे वर्षानुवर्षे ठरून गेलेले असते. तुकोबांचा अभंग गावकऱ्याला पुस्तकातून माहीत होण्याआधी अशा रात्री माहीत होतो, आणि तो भेटतो तो एकट्याला न भेटता शेजाऱ्यापाजाऱ्यांसह भेटतो. इरावती कर्वे ह्यांनी ‘वाटचाल’ ह्या लेखात महाराष्ट्राची व्याख्याच पंढरीच्या वाटेवरून केली. त्यांचा लेख चालणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. ती वाट ज्यांच्या दारावरून जाते, त्यांच्या बाजूने पाहिल्यास व्याख्येत एक भर घालावी लागते. वारकऱ्याला चालून मिळते ते ह्या गावांना थांबवून घेऊन मिळाले आहे.

लिखित शब्दाशी ह्या लोकांचा दुसराही एक संबंध आला, आणि तो कटू होता. इंग्रजी अमलात प्रिंगल ह्यांच्या अवजड आकारणीने इंदापूर तालुक्याची शेती खालावली, म्हणून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी पुन्हा मोजणी करून १८३६ साली तीस वर्षांचा बंदोबस्त येथे प्रथम लागू केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी बंदोबस्ताचा आरंभ म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत इंदापूरचे नाव येते ते ह्यामुळे. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये आकार भारी वाढला; कापसाची तेजी ओसरून भाव कोसळले, आणि सावकाराच्या दप्तरातील खतांचे ओझे असह्य झाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो इंदापूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख होता तो प्रामुख्याने कागदांवर. खते, रोखे, हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा हेतू होता. जेथे कागद मुकाट्याने हाती आले तेथे जीवितास सहसा धक्का लागला नाही.

ह्याच काळात, १८६९ आणि १८७३ मध्ये, शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी सिद्ध केलेली तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने दोन खंडांत छापली गेली. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्याने पुष्कळ उलगडा होतो. ज्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती त्याला शेकडो अभंग मुखोद्गत असत. आणि ज्या कागदावर त्याच्या जमिनीचे भवितव्य लिहिले होते, त्यातील एक ओळही त्याला वाचता येत नसे. एका लेखनाबद्दलची त्याची श्रद्धा अशी की, इंद्रायणीच्या पाण्यातूनही ते कोरडे वर आले. दुसरे लेखन हाती लागताच त्याने अग्नीत टाकले. अशिक्षित समाज लिखित शब्दाविषयी उदासीन असतो, हे विधान ह्या प्रदेशापुरते तरी टिकत नाही. तो समाज शब्दांची निवड करीत होता, आणि कसोटी होती ती शब्द सर्वांसमक्ष उच्चारला जातो की दप्तरात बंद राहतो ही.

पुढील शतकात परिसराचे बाह्य रूप जवळजवळ पालटले. भाटघरच्या धरणामुळे नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला, ज्वारीच्या रानात ऊस आला, वालचंदनगरचा कारखाना १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. सणसरजवळच्या कारखान्याचे नाव ‘छत्रपती’ आणि त्याच्या वसाहतीचे ‘भवानीनगर’. इतिहास अशा प्रकारे नामकरणातून पुन्हा प्रवेश करतो, आणि भागधारकाच्या कार्डावर छापला जातो. निमगाव केतकी स्वतः पानमळ्यांसाठी नावाजले. शेवरी, हादगा, पांगारा ह्यांच्या सावलीत आणि आधाराने वाढणारी नागवेल बारमाही पाणी व बारमाही राबणूक मागते. तिची शेती म्हणजे मूळ धरून राहणाऱ्यांची शेती. मानाचा विडा, पूजेतील पान, लग्नातील सुपारीचे पान, हे सारे पुरविणारे गाव स्वतः मुक्कामाचा मान सांभाळते, हा योगायोग असला तरी सुखद आहे. तालुक्याच्या उत्तर कडेस भीमेवर उजनीचे धरण झाले तेव्हा पळसदेवचे जुने दगडी देवालय पाण्याखाली गेले आणि आता ते पाणी ओसरल्यावरच दृष्टीस पडते. पाषाणापेक्षा पायवाट अधिक टिकाऊ ठरली, असे येथे म्हणता येते.

मात्र ह्या चित्रात एक उणीव आहे आणि ती झाकणे इतिहासलेखकास शोभणार नाही. वाट सर्वांची होती, गाभारा सर्वांचा नव्हता. चोखामेळ्याचे अभंग शतकानुशतके ज्या वाटेने गायिले गेले, त्या वाटेच्या शेवटी त्याच्या जातभाईंना विठ्ठलाचे दार मोकळे झाले ते १९४७ साली, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. काटेवाडीची पायघडी जातीच्या व्यवसायाला मान देते. पण त्याच न्यायाने तो व्यवसाय जातीशी बांधूनही ठेवते. वाङ्मयाने समतेचा उच्चार केला, धर्मविधीने तिला वर्षातून काही दिवस अवकाश दिला, आणि उरलेल्या दिवसांत गावाची रचना पूर्ववत राहिली. ह्या तिन्ही शक्तींचे सामर्थ्य मोजताना हे अपयशही त्याच मापाने मोजले पाहिजे.

साथीच्या रोगामुळे २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी पायी सोहळा झाला नाही. तुकाराम महाराजांच्या पादुका आषाढीसाठी एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. संप्रदायाच्या दृष्टीने वारी चुकली नाही. पादुका वेळेवर पोहोचल्या, देवाची भेट झाली. पण मधल्या गावांत रिंगण झाले नाही, धोतरे अंथरली गेली नाहीत, रात्रीचे कीर्तन झाले नाही. पंढरपूरचा विधी पूर्ण झाला, निमगावचा झाला नाही. धर्म आणि त्या धर्मावर उभी राहिलेली गावाची ओळख ह्या दोन वस्तू किती निकट असूनही किती भिन्न आहेत, हे ह्या दोन आषाढांनी जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही ग्रंथाने केले नव्हते.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडले-बोंडल्यापर्यंतच्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसविण्यात आली. वाहनांसाठी रस्ता गावाला वळसा घालून नेणे सोयीचे असते. मुक्कामाची पालखी मात्र गावात शिरावी लागते. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, पायी सोहळा पुन्हा सुरू झाला आणि निमगाव केतकीच्या घरांनी आपापल्या ठरलेल्या दिंड्यांसाठी पुन्हा चुली पेटविल्या.