थांबलेला चेंडू

गोष्ट १८७५ सालची. जबलपूरला पावसाळा लागला होता आणि छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांना मेसमध्ये बसून राहण्याखेरीज उद्योग नव्हता. त्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून पैजेचा नवा डाव रचला. त्यात एकाचा नेम पॉकेटच्या अगदी तोंडाशी असलेल्या चेंडूवर चुकला. तेव्हा लेफ्टनंट नेव्हिल चेंबरलेन (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे) त्याला ‘स्नूकर’ म्हणाला. वूलिचच्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांना हे नाव होते. आपल्याकडचे ‘कच्चे लिंबू’च म्हणा ना! तेच नाव खेळाला चिकटले. ही हकीकत खुद्द चेंबरलेननेच १९३८ साली लिहून कळवली. सोपा चेंडू चुकला म्हणून बारसे झालेला दुसरा खेळ माझ्या तरी ऐकण्यात नाही.

वाचक म्हणतील, थांबलेला चेंडू मारण्यात अवघड ते काय? अवघड आहे ते त्याचे थांबणेच. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, भिण्याला सवड नसते. इथे बारा फुटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला चेंडू आपली वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. त्यातून प्रतिस्पर्ध्याचा हात चालू असेपर्यंत आपण खुर्चीत बसायचे, आणि बसून आखडलेला हात घेऊन एकदम उठायचे. मूठ आवळते, क्यूला हिसका बसतो, डोके क्षणभर आधीच वर येते. घरी धडाधड गणिते सोडवणारा मुलगा फळ्यापाशी खडू घेऊन उभा राहिला की पाढे विसरतो, हे आम्ही मास्तर लोक रोजच पाहतो.

१९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात, शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात, स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांची सतरा-सतरा अशी बरोबरी झाली होती. डेव्हिस सुरुवातीला आठ-शून्य पुढे होता! मध्यरात्र उलटली. शेवटच्या डावात टेलरला उरलेले चारही चेंडू हवे होते. लांबच्या पल्ल्यावरचा तपकिरी त्याने घेतला, मग निळा, मग गुलाबी. उरला काळा. डेव्हिसला तो पातळ कटाने, म्हणजे पांढरा चेंडू जेमतेम चाटून जाईल असा, घ्यायचा होता. तो चुकला आणि टेलरने काळा घातला. संपूर्ण सामन्यात टेलर पुढे गेला तो तेवढ्या एका चेंडूने. एक कोटी पंचाऐंशी लाख माणसे दूरचित्रवाणीपुढे जागी होती.

आपल्या मुलखातला या विद्येचा गडी म्हणजे विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, १९२२ चा. स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने पाचदा मिळवले. पण नाव झाले ते स्नूकरचा थोरला भाऊ जो तीन चेंडूंचा बिलियर्ड्स, त्यात. तिथे प्रतिपक्षाचा हात बसला, तर खुर्चीतली बैठक आणखीच लांबते. १९५२ साली कलकत्त्यातून इंग्लंडचा लेस्ली ड्रिफील्ड हौशी जगज्जेतेपद घेऊन गेला होता. १९५८ साली त्याच कलकत्त्यात जोन्सने ड्रिफील्डला दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. स्वतंत्र भारताचा कोणत्याही वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता तो हाच. घरच्या प्रेक्षकांदेखत जिंकणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी घरच्या लग्नात एखादे गाणे म्हणून पाहावे.

मला मात्र १९५८ पेक्षा १९६४ चे अप्रूप अधिक. मधल्या १९६२ साली पर्थला बॉब मार्शलने जोन्सला दुसऱ्या जागेवर बसवले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, बेचाळिशीत, न्यूझीलंडच्या पुकेकोहेला जाऊन त्याने किताब परत आणला. तिथे प्रेक्षक घरचे नव्हते. डोळा आणि हात या वयात थोडे फसवू लागतात, हे मी स्वानुभवाने सांगतो. खुर्चीत बसण्याची सवय तेवढी मुरलेली असते.

पुण्यातच १९८५ साली जन्मलेला पंकज अडवाणी वाढला बाहेर, बंगळूरचा म्हणूनच ओळखला गेला. २०१५ साली इजिप्तमधल्या हर्गाडाला हौशी स्नूकरच्या जागतिक अंतिम सामन्यात त्याने झाओ शिनटोंग या अठरा वर्षांच्या चिनी मुलाला आठ-सहा असे हरवले. तो मुलगा २०२५ साली व्यावसायिकांचा जगज्जेता झाला. डेव्हिसचा काळा चेंडू जिथे चुकला होता, त्याच नाट्यगृहात.