बालस्कर्व्हीचे निदान आणि क्ष-किरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्कर्व्हीचा इतिहास सहसा खलाशांच्या संदर्भात सांगितला जातो. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग युरोप-अमेरिकेतील सुस्थितीतील घरांतल्या तान्ह्या मुलांतही आढळू लागला आणि बराच काळ मुडदूस म्हणूनच गणला गेला. या दोन रोगांची फारकत कशी झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निदानातील गोंधळ :
इ.स. १८५९ मध्ये जर्मन वैद्य युलियस म्योलर यांनी अशा रुग्णांचे वर्णन ‘तीव्र मुडदूस’ असे केले. १८८३ मध्ये लंडनच्या थॉमस बार्लो यांनी शवविच्छेदनाच्या आधारे हाडावरील आवरणाखालचा रक्तस्राव दाखवून ही स्कर्व्ही असल्याचे प्रतिपादन केले. १८९८ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ३७९ रुग्णांचा अहवाल मांडला. त्यात तयार बालान्न व निर्जंतुक केलेले दूध यांवर वाढणारी मुले ठळकपणे आढळली. जंतू मारणारी उष्णताच दुधातील ‘क’ जीवनसत्त्व नष्ट करीत होती. मात्र जीवनसत्त्वाची संकल्पनाच तेव्हा रूढ नव्हती.

क्ष-किरणांचा पुरावा :
१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत रुग्णाचे हाड पाहणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॅम्बुर्गच्या ऑयगेन फ्रेंकेल यांनी हाडाच्या वाढत्या टोकाशी दिसणारी दाट पांढरी रेषा वर्णिली. १९२५ मध्ये व्हिम्बर्गर यांनी अस्थिकेंद्राभोवतीचे पांढरे कडे नोंदविले. ‘क’ जीवनसत्त्वाअभावी कोलॅजेन नीट तयार होत नाही, त्यामुळे नवे हाड घडत नाही. कूर्चेत कॅल्शियम साचणे मात्र चालूच राहते. म्हणून ही रेषा गडद होते. मुडदुसात याउलट कॅल्शियमच साचत नाही व तीच रेषा पुसट, विसकटलेली दिसते.

निष्कर्ष :
आवरणाखाली साचलेले रक्त प्रतिमेत सहसा स्पष्ट दिसते ते उपचारानंतर, त्यात कॅल्शियम साचू लागल्यावर. म्हणजेच वेदनेचे कारण आधी असते, त्याचे चित्र मागाहून उमटते. क्ष-किरणांनी रोग शोधला नाही. बार्लो यांच्या निरीक्षणाला जिवंत रुग्णात दुजोरा दिला. मुलाच्या आहाराची चौकशी मात्र कोणत्याही प्रतिमेने अनावश्यक ठरविलेली नाही.