पिशवीतून निघालेले राक्षस

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा आणि कल्पनेचा खेळ खेळताना ड्रॅगन समोर आला की मंडळी सावरून बसतात. रस्ट मॉन्स्टर आला की मात्र भलेभले योद्धे पायाला पाय लावून पळतात. मूळच्या नियमांत हा प्राणी चावत नाही की आग ओकत नाही. डोक्यापुढच्या दोन लांब मिशा तो चिलखताला लावतो, चिलखताचा गंजून भुगा होतो आणि तो भुगा हा मिटक्या मारत खातो. तलवार उगारावी तर तीही त्याच वाटेने जाते. त्या नियमांत जादूच्या चिलखतालाही पुरतं अभय नव्हतं. जादू जितकी जबर तितकी वाचण्याची शक्यता थोडी जास्त, एवढंच. अशा वेळी हातात लाकडी सोटा असलेला, अंगावर लोखंडाची कडीही नसलेला जादूगार एकदम भाव खाऊन जातो आणि पोलादात मढलेला सरदार त्याच्या आडोशाला उभा राहतो. जिवाला धक्का न लावता खेळाडूला रडकुंडीला आणणारा इतका हुशारीने रचलेला प्राणी या खेळात दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

मिनोटॉर आणि मेड्यूसा या खेळात आले ते ग्रीक पुराणांतून. ऑर्क आले टोल्किनच्या पुस्तकांतून. रस्ट मॉन्स्टरचं कूळ शोधायला गेलं की ना पुराण सापडतं, ना पुस्तक. सापडते ती किरकोळ सामानाच्या दुकानात टांगलेली, हाँगकाँगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांची स्वस्त पिशवी.

ती पिशवी विकत घेणारा माणूस म्हणजे हा खेळ रचणाऱ्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्याच्या घराच्या तळघरात वाळूचं मोठं टेबल होतं. वाळूच्या टेकड्या आणि दऱ्या करायच्या, त्यांवर सैनिकांच्या पुतळ्या मांडायच्या आणि नियमांनुसार लढाई खेळायची, असा हा छंद. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून घरगुती खेळाला नियम दिले, तेव्हापासून इंग्लंड-अमेरिकेत तो रुजला होता. 1971 मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांच्या नियमांचं पुस्तक निघालं. त्याच्या शेवटी एक पुरवणी होती आणि तिच्यात जादूगार, ड्रॅगन, ऑर्क, महाकाय माणसं या सगळ्यांचे नियम होते. अडचण तिथूनच सुरू झाली. भालाईत, धनुर्धर, घोडेस्वार यांच्या 40 मिलिमीटर उंचीच्या सुबक पुतळ्या जर्मनीची हाउसर कंपनी 'एलास्टोलिन' या नावाने बनवत होती. ऑर्क आणि ड्रॅगन मात्र दुकानात सहजी मिळत नव्हते, कारण अशा खेळाला गिऱ्हाईकच जन्माला यायचं होतं.

हाताशी पैसाही नव्हता. विमा कंपनीतली गायगॅक्सची नोकरी 1970 मध्ये सुटली होती, घरात पाच मुलं होती आणि घर चालवायला तो जोडे दुरुस्त करत होता. तेव्हा मिळेल त्यावर भागवणं आलं. प्लॅस्टिकच्या स्टेगोसॉरसवर कारागिरी करून त्याने आपला ड्रॅगन तयार केला. अशा टेबलावर मापाचा खेळ फार उपयोगी पडतो. 40 मिलिमीटरच्या सैनिकांशेजारी दुप्पट उंचीचा खेळण्यातला शिपाई उभा केला की तो महाकाय राक्षस होतो, आणि लहान मापाचा ठेवला की बुटका. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या पंक्तीत त्यांच्याहून थोराड वाघ आणि मुठीएवढी गाय गुण्यागोविंदाने नांदतात, तसंच हे. फाशांचीही तीच गत होती. ज्या वीस पैलूंच्या फाशाला आज या खेळाची खूण मानतात, तो शाळांना भूमिती शिकवण्याची साधनं पुरवणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून आला.

आता त्या पिशवीकडे वळू. डायनोसॉरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या पिशव्यांत काही ओळखीचे डायनोसॉर असत आणि काही भलतेच प्राणी. एकरंगी, मऊसर प्लॅस्टिकचे, साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे अंगभर बारीक रेघ उमटलेले. त्यांतल्या एकाचं वर्णन गायगॅक्सने पुढे शेपटीला पंखा लावलेली शेवंड असं केलं होतं. हे खेळणं बघून भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. पाय बुटके, अंग कवचाचं, पुढे दोन मिशा आणि शेपटीच्या टोकाला पात्यांसारखं काहीतरी. हा करतो तरी काय, हा प्रश्न त्याला पडला आणि उत्तर म्हणून तो गंज खाणारा प्राणी सुचला. नियमांचं पुस्तक लिहिणारे लोक एरवी आधी राक्षस योजतात आणि मग त्याच्यासाठी पुतळी शोधतात. इथे पुतळी आधीच टेबलावर होती, तिचं पोट कशावर भरतं ते नंतर ठरलं. त्या गरीब चेहऱ्याच्या खेळण्याला सर्वांत धास्तीचा स्वभाव द्यावा, यात गायगॅक्सची खरी प्रतिभा दिसते.

ही खेळणी लेक जिनिव्हापर्यंत पोचली कशी? हाँगकाँग हे मूळचं मालाच्या चढउताराचं बंदर. 1949 नंतर शांघायचे कारखानदार आणि कुशल कामगार भांडवलासकट तिथे आले. कोरियन युद्धात 1951 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी चीनशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध घातले आणि बंदराचा जुना धंदा बसला. मग माल नुसता पुढे पाठवण्याऐवजी स्वतः बनवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. कापड, कृत्रिम केस, प्लॅस्टिकची फुलं आणि खेळणी यांचे लहानमोठे कारखाने इमारतींच्या मजल्यामजल्यांवर उभे राहिले. 1972 पर्यंत जपानला मागे टाकून हाँगकाँग खेळण्यांच्या निर्यातीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचलं. गायगॅक्स स्वस्तात पुतळ्या शोधत हिंडत होता ती नेमकी हीच वर्षं.

साच्याचं कामही समजून घ्यायला हवं, कारण या राक्षसांचा चेहरामोहरा त्यातूनच घडला. पोलादाच्या दोन अर्ध्यांत आकार कोरायचा, ते घट्ट मिटवून वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने आत सोडायचं, गार झालं की अर्धे अलग करायचे. खेळणं सरळ बाहेर सुटलं पाहिजे, म्हणून आतल्या बाजूला वळणारे आकडे आणि खोल कपारी टाळायच्या. साचा महाग, प्लॅस्टिक स्वस्त. एकदा साचा तयार झाला की हजारो नग काढायचे. अशा कामात बारीक नक्षी चपटी होते आणि कल्ले पात्यांसारखे दिसू लागतात. ती पंख्याची शेपूट अशीच कुठल्यातरी वेगळ्या अवयवाची सोपी केलेली नक्कल असावी, असा माझा तर्क आहे.

नक्कल कशाची, याचा माग शौकिनांनी जपानपर्यंत काढला आहे. 1966 मध्ये तिथल्या टीव्हीवर 'अल्ट्रामॅन' ही मालिका सुरू झाली आणि दर आठवड्याला एक नवा अजस्र प्राणी मुलांच्या भेटीला येऊ लागला. त्या प्राण्यांची खेळणी निघाली आणि खेळण्यांच्या नकलाही निघाल्या. रस्ट मॉन्स्टरच्या पुतळीत मालिकेतल्या केम्युलरची छटा दिसते असं जाणकार म्हणतात, आणि खेळातल्या बुलेट या दुसऱ्या राक्षसात गाबोराची. हा गाबोरा डोक्याभोवतीचे कल्ले मिटून घेतो तेव्हा त्याचं तोंड बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं होतं.

या गाबोराचीही एक कुळकथा आहे आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडते. आठवड्याला एक राक्षस उभा करायचा तर दर वेळी नवा पोशाख शिवणं परवडणारं नव्हतं. तोहो कंपनीच्या 1965 च्या चित्रपटात बारागॉन नावाचा जमीन उकरणारा राक्षस होता. त्याचा रबरी पोशाख 'अल्ट्रामॅन' बनवणाऱ्या एइजी त्सुबुराया यांच्या निर्मितीसंस्थेने मागून आणला, डोकं बदललं, काटे चिकटवले आणि 'अल्ट्रा क्यू' मालिकेत तो पागोस झाला. पुन्हा बदलला तेव्हा नेरोंगा, मग मागुलार आणि शेवटी कल्ले लावून गाबोरा. म्हणजे टोकियोतल्या स्टुडिओत खर्च वाचवण्यासाठी चार वेळा उसवून जोडलेलं एक अंग, त्याचा ठसा हाँगकाँगच्या साच्यात, आणि तिथून विस्कॉन्सिनच्या तळघरात. तीनही ठिकाणची माणसं एकाच विवंचनेत होती: थोड्या पैशांत राक्षस कसा उभा करायचा.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 च्या सुरुवातीला छापून आला तो 1000 प्रतींत. पुढल्या वर्षी गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची 'ग्रेहॉक' ही पुरवणी निघाली. तीत रस्ट मॉन्स्टर होता आणि आऊलबेअरही, म्हणजे घुबडाच्या तोंडाचं अस्वल. आऊलबेअरची पुतळीही त्याच मालातली. जून 1976 मध्ये 'द ड्रॅगन' मासिकाचा पहिला अंक आला आणि त्यात संपादक टिम कॅस्कने बुलेट आणला. तोही पिशवीतलाच. पाठीवर कवच असलेला, जमिनीखालून शार्कसारखा येणारा हा प्राणी घोडे आणि हाफलिंग नावाचे ठेंगणे लोक आवडीने खातो, पण बुटके योद्धे त्याला बेचव लागतात! हा मजकूर वाचताना लिहिणारा समोर खेळणं ठेवून लिहीत होता हे जाणवतं. ही अशी पाठ कशासाठी, हे तोंड कुठे घुसतं, असा अंगाकडून स्वभावाकडे जाणारा तो विचार आहे.

'ग्रेहॉक' निघाली त्याच वर्षी, 1975 मध्ये, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्याच प्रकाशकाने एम. ए. आर. बार्कर यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ काढला. त्यांचं टेकुमेल हे विश्व अगदी निराळं. तिथे घोडे नाहीत, लोखंड दुर्मीळ, चिलखतं चलेन नावाच्या जनावराच्या कातड्याची, आणि संस्कृतीवर भारत, इजिप्त, मेक्सिको यांची सावली. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवत. अशा जगासाठी पुतळ्या जमवणाऱ्याला युरोपी सरदारांच्या खोक्यातलं काहीही चालत नाही. ॲझटेक किंवा इजिप्शियन सैनिक घ्यायचे, झेंडे आणि ढाली बदलायच्या, घोडेस्वारांना तर पायउतारच करायचं. तिथे जग आधी पक्कं ठरलेलं असल्यामुळे प्रत्येक पर्याय थोडा खटकतो. लेक जिनिव्हात टेबल अजून रिकामं होतं म्हणून आलेल्या पाहुण्याला त्याच्या मापाचं घर बांधून देता आलं. विचित्र विश्वासाठी स्वस्त पुतळ्या शोधणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की दुकानात जाताना यादी थोडी सैल ठेवावी.

पुढचा इतिहास भरभर सांगता येईल. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये या प्राण्यांची चित्रं आली आणि शेपटीची पाती तशीच राहिली. मग शिसं आणि कथिलाच्या पुतळ्या ओतणाऱ्या कंपन्या आल्या आणि पर्याय शोधण्याची गरज उरली नाही. चित्रकार टोनी डिटर्लिझी लहानपणी हीच खेळणी खेळला होता. त्याने त्यांच्याविषयी आवर्जून लिहिलं, तेव्हा कितीतरी जुन्या खेळाडूंना आपल्या माळ्यावरच्या डब्यांची आठवण झाली. आज संग्राहक त्या पिशवीतल्या एकेका नगासाठी चांगली रक्कम मोजतात. आऊलबेअर तर या खेळावरच्या 2023 च्या चित्रपटात पडद्यावर धुमाकूळ घालून गेला.

गायगॅक्स आणि कॅस्क यांचं ऋण खेळाडू मानतात, आणि ते योग्यच आहे. पण पोलादात हे आकार ज्याने कोरले, त्या हाँगकाँगच्या कारागिराचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. त्याला केम्युलर किंवा गाबोरा नीट आठवत नसेल, नाहीतर मालकाने सांगितलं असेल की थोडं बदल. कारण काहीही असो, मूळ जपानी राक्षसापासून ही पुतळी जिथे दूर सरकली, नेमकं तिथेच रस्ट मॉन्स्टरचं रूप जन्माला आलं. ते रूप त्या कारागिराचं आहे. गायगॅक्सने त्याला भूक दिली.

मालकीहक्काच्या कागदांत हे कुठेच दिसत नाही. 2000 मध्ये खेळाचे बरेच नियम इतरांना वापरायला खुले झाले, तेव्हा काही राक्षस खेळाची मालकी असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने स्वतःकडे राखून ठेवले. त्यांत उम्बर हल्क होता, आणि त्याचंही नाव याच खेळण्यांशी जोडलं जातं. जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जे नियम आले, त्यांत रस्ट मॉन्स्टर, आऊलबेअर आणि बुलेट तिघेही आहेत. कुणीही ते आपल्या पुस्तकात वापरावेत, फक्त श्रेयात विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचं नाव द्यावं, अशी अट आहे. मराठीत कुणी असा खेळ रचला आणि त्यात हे तिघे घेतले, तर त्या ओळीखाली हाँगकाँगच्या अनाम साचेकारांसाठी आणखी एक ओळ त्याने जरूर छापावी.