जुन्नरच्या कचेरीत एक दिवस, १८८२

नारायणगावला एसटीतून उतरा. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांमधून वाट काढा आणि जुन्नरच्या रस्त्याला लागा. चालतच जा. गाडीने गेलात तर नुसते अंतर कटते, साल बदलत नाही.

मैलभर गेल्यावर ऊस विरळ होतो. मग कालवाच नाहीसा होतो, कारण येडगावचे धरण नाही, माणिकडोहचे नाही, डिंभ्याचेही नाही. पलीकडच्या खोऱ्यात घोड नदी मोकळी वाहू लागते आणि पाण्याखाली गेलेले जुने आंबेगाव पुन्हा जागेवर येते, घरादारांसकट. खोडदच्या बाजूच्या दुर्बिणीच्या तबकड्या मावळतात. डांबर जाऊन खडी येते, खडी जाऊन धूळ. बाजरीची कापणी होऊन धसकटे उरलेली रानं दोन्ही बाजूंना. समोर शिवनेरी तेवढा जिथल्या तिथे.

तुम्हाला पोहोचायचे आहे १८८२ सालात, पण पाय जरा जास्तच मागे पडू द्या. १८७४ पाहिल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

त्या साली तुम्ही पश्चिमेच्या डोंगरात असता, जांभोरीच्या आसपास. भाताची खाचरं, वरई-नाचणीचे उतार, हिरड्याची झाडं. महादेव कोळ्यांचा हा मुलूख. इथला होन्या भागोजी केंगले माणसे जमवून सावकारांची घरे गाठतो. कर्जखते हिसकावतो, आणि कित्येक सावकारांची नाके कापली जातात. सरकारने त्याच्यावर एक हजार रुपयांचे इनाम लावले आहे. रानात कोणी भेटले तर तुम्ही पागोटे, बगलेत चोपडी अशा थाटात नाही ना, एवढे बघा. होन्या १८७६ मध्ये पकडला जाईल. त्याच्या आदल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांच्या दुकानांत घुसतील. तिथे रोख जिवावर नसेल. त्यांना हवे असतील कागद, आणि ते जाळले जातील.

कागदावर एवढा राग का? त्याचे उत्तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरली. कर्जदाराच्या डोक्यावर जुनी कर्जे कायम टांगलेली राहू नयेत, हा हेतू. झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावतो, थकलेले व्याज मुद्दलात मिळवतो आणि नवे खत लिहून घेतो. पन्नास रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी नवे खत शहाऐंशी रुपयांचे. सहा वर्षांनी एकशे अठ्ठेचाळीस. नऊ वर्षांनी अडीचशेच्या वर. नवा पैसा एक आलेला नाही. मधल्या काळात कुळाने खळ्यावरून घातलेले धान्य कुठे जमा झाले, हे सावकाराची वही सांगेल, आणि वही सावकाराच्या कपाटात. दिवाणी कोर्टात मुनसफ खत पाहतो, निशाणी पाहतो. प्रतिवादी हजर नाही, हुकूमनामा एकतर्फी. मग जप्ती.

आता पुढे चला. मार्गशीर्षातली थंडी, साल १८८२. तुम्ही जुन्नरच्या मुनसफ कचेरीच्या ओट्यावर आहात.

(हा दिवस मी रचलेला आहे. कायदा, माणूस आणि काळ रचलेला नाही.)

ओट्यावर कुणबी उकिडवे बसलेत. एकाच्या कोपरीच्या खिशात समन्स आहे. वाचता येत नाही म्हणून तो ते दर थोड्या वेळाने चाचपून पाहतो. तुमच्याकडे वळून विचारतो, “पुण्याचं सायेब आलं का वं?” तुम्ही सांगता, आले. तो म्हणतो, “गोरं हाय का आपलं?” आपलेच, रानडे म्हणून. तो मान हलवतो, पण चेहऱ्यावरून त्याचा विश्वास वाढलाय की कमी झालाय ते कळत नाही. आपले साहेब त्याने पाहिलेले आहेत.

आत जा. मुनसफाच्या शेजारी जादा खुर्ची मांडलेली आहे आणि ती अपुरी पडते आहे. चाळिशीचा, अंगाने थोराड गृहस्थ. पुणेरी पगडी, लांब अंगरखा, खांद्यावर उपरणे. डोळे अर्धवट मिटल्यासारखे. तुम्हाला पहिल्यांदा वाटेल, साहेबांना डुलकी लागली. डोळे अधू आहेत, म्हणून ते वाचण्यापेक्षा ऐकतात. शिरस्तेदार वाचतो आहे, एका सुरात, आणि मध्येच साहेबांचे एक बोट वर होते. शिरस्तेदार थांबतो. दोन ओळी मागे जातो.

महादेव गोविंद रानडे. जन्म निफाडचा, १८४२. शिक्षण कोल्हापूर आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८७१ पासून पुण्यात न्यायाधीश. सार्वजनिक सभेचा खरा मेंदू हाच, हे पुण्यात शेंबड्या पोराला ठाऊक, आणि सरकारलाही. म्हणूनच १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात वाड्यांना आगी लागल्या आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने अधिकाऱ्यांची झोप उडाली, तेव्हा संशय थेट यांच्यावर गेला. तोवर ते नाशकाला गेलेले होते; तिथून तडकाफडकी धुळ्याला बदली. टपाल फोडून वाचले जाई. काही सापडले नाही. त्याच साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि दोन वर्षांत सरकारने पुणे-सातारा भागातल्या त्याच्या अंमलावर नजर ठेवायला नेमले ते याच संशयिताला. इंग्रजी राज्याला विनोदबुद्धी होती असे कोणी म्हणत नाही, पण अधूनमधून विनोद हातून होऊन जाई.

त्यांचे काम खटले चालवण्याचे नाही. मुनसफांनी चालवलेले खटले तपासायचे. निकाली दप्तरांचे गाठोडे सोडलेले आहे. या कायद्याने मुनसफाला खताच्या मागे जायला लावले आहे. सही कबूल, निशाणी कबूल, तरी तेवढ्यावर हुकूमनामा नाही. प्रतिवादीला समोर उभे करून त्याची जबानी घ्यायची. व्यवहार मुळापासून उलगडायचा: पैसे पहिल्यांदा कधी दिले, रोख किती, फेड किती, कशात. हिशेब मांडायचा तो व्याज मुद्दलात न मिळवता, आणि दामदुपटीचा जुना दंडक आहेच, म्हणजे व्याज मुद्दलाच्या पलीकडे जायचे नाही. निघेल ती रक्कम ऐपत पाहून हप्त्यांनी. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. जमीन स्पष्ट गहाण लिहून दिलेली नसेल तर तिच्यावर विक्री नाही. आणि यापुढे गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिलेले खतच खत. अशा खताची मुदत बारा वर्षे. तीन वर्षांचा फेरा संपला.

कागदावर हे सगळे छान आहे. पण मुनसफ तोच, दुपारचे ऊन तेच, आणि वाद्याचा वकील घाईत.

शिरस्तेदार एक दप्तर वाचतो. दावा दोनशे चौपन्न रुपयांचा, खत १८७९ चे, खाली नांगराची निशाणी. हुकूमनामा पूर्ण रकमेचा. बोट वर होते. प्रतिवादीच्या जबानीचा कागद विचारला जातो. कागद आहे, पण त्यात एकच ओळ: खत कबूल. मुनसफ खुर्चीत सरळ होतो. तरुण आहे, वाईट माणूस नाही, हातावर कामे ढिगाने आहेत. १८७९ च्या खताआधी १८७६ चे खत होते का? होते. त्याआधी १८७३ चे? शोधावे लागेल. शोधा.

तासभर जातो. या तासात घडत काहीच नाही, तरी उठू नका. ओट्यावरच्या त्या कुणब्याला आत बोलावतात, कारण दप्तर त्याचेच. तो आधी हात जोडून नुसता ‘मायबाप’ म्हणत राहतो. मग हळूहळू बोलू लागतो, आणि बोलू लागल्यावर थांबत नाही. १८७० साली बैल मेला. पन्नास घेतले. पहिल्या साली दोन मण बाजरी घातली, दुसऱ्या साली तीन. सावकाराच्या घरचे लग्न होते तेव्हा आठ दिवस गाडी जुंपली, तीही फुकटच. सावकाराचा मुनीम वही उघडतो. दोन मणाची नोंद सापडते, भाव बाजारापेक्षा उतरता. तीन मणाची सापडत नाही. गाडीची तर नाहीच.

आता नीट पाहा. साहेब रागावलेले नाहीत. आवाज चढलेला नाही. मुनसफाला ते चारचौघांत खाली पाहायला लावत नाहीत. त्याच्याच हाताने नवा हिशेब मांडून घेतात. पन्नास मुद्दल. व्याज कितीही ओढा, पन्नासाच्या वर जात नाही. शंभरातून धान्याचे पैसे वजा. दोनशे चौपन्नाचा दावा शंभराच्याही आत येतो, आणि तोही वर्षाच्या हप्त्यांनी. सावकाराचेही काही बुडालेले नाही; दिलेले परत मिळते आहे, रास्त व्याजासह. सावकाराला अर्थात तसे वाटत नाही. दाराशी तो शेजाऱ्याला म्हणतो, “उद्या बैल मेला की या साहेबाकडेच जा म्हणावं पैसे मागायला.”

हे बोलणे रानड्यांच्या कानावर गेले की नाही, मला सांगता येणार नाही, पण हाच त्यांचाही प्रश्न होता. माझ्या लेखी त्यांचे मोठेपण इथे सुरू होते. कोर्ट जुने कर्ज कमी करू शकते, नवे देऊ शकत नाही. सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला, पीक हाती येवो न येवो. तेव्हा सावकाराशिवाय कोण आहे? बऱ्याच न्यायाधीशांना आपल्या खुर्चीपलीकडचे जग दिसत नाही. यांना, डोळे अधू असूनही, खुर्ची किती तोकडी आहे ते दिसत होते. इंग्रज सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न याच सुमारास पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याच्या खटपटीत आहेत आणि रानडे त्यांच्या बाजूने उभे आहेत. योजना विलायतेत अडेल. १८९१ मध्ये रानडे जर्मनीतल्या जमिनीच्या पतपेढ्यांचे दाखले देत पुन्हा तेच मांडतील.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी डोकावा, लांबूनच. कंदील लागला आहे. विशीतली एक बाई वर्तमानपत्र वाचून दाखवते आहे आणि तेच थोराड गृहस्थ ऐकत आहेत. रमाबाई. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. घरातल्या बायकांचे टोमणे झेलत शिकल्या. वर्षातले कितीतरी महिने असा दौरा चालतो, बैलगाड्या आणि पेट्यांसह. पुढे त्या या सगळ्याच्या आठवणी लिहितील, आणि कर्जनिवारण कायद्यातले एक कलमही न वाचणारे लोक रानड्यांना ओळखतील ते त्या पुस्तकातून.

तुम्हाला इथे एक मोह होईल. तुम्हाला पुढचे सगळे ठाऊक आहे. हा माणूस १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती तेलंगांच्या जागी बसेल. समोर दिसणाऱ्या किल्ल्यावर जन्मलेल्या राजाच्या सत्तेवर १९०० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहील. मिशनऱ्यांकडच्या चहाच्या एका पेल्यापायी प्रायश्चित्त घेईल आणि सनातनी व सुधारक, दोन्हीकडच्यांचे बोलणे खाईल, ज्यात सुधारकांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये होईल, यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आणि १८ जानेवारी १९४३ रोजी, एकशे एकाव्या जयंतीला, पुण्यात डॉ. आंबेडकर उभे राहून हा माणूस खरोखर थोर होता का, असा सरळ प्रश्न विचारतील आणि होकारार्थी उत्तर देतील. आंबेडकरांकडून असे उत्तर फार थोड्यांच्या वाट्याला आले. सांगू नका. उद्या सकाळी पुन्हा दप्तरे तपासायची आहेत.

शेवटचा टप्पा लहान आहे. अठरा वर्षे. रानडे मुंबईत १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. तुम्ही पुन्हा जुन्नरच्या त्याच ओट्यावर, आठवडाभरानंतर. ‘केसरी’ आलेला आहे. एक वयस्क वकील टिळकांनी लिहिलेला मृत्युलेख मोठ्याने वाचतो आहे आणि भोवती चार जण उभे. सार्वजनिक सभेवरून, सामाजिक परिषदेच्या मंडपावरून, संमतिवयावरून ज्यांनी रानड्यांशी वर्षानुवर्षे कडाक्याचे भांडण केले त्या टिळकांनी लिहिले आहे, आणि हातचे न राखता लिहिले आहे. त्यांतल्या एका तरुण वकिलाला याचे आश्चर्य वाटते. म्हाताऱ्याला वाटत नाही. तो म्हणतो, भांडायला तेवढा माणूस लागतो, आता टिळकांनी भांडायचे कोणाशी?

आतून पुकारा होतो. वाचन अर्धवट राहते. आजचा मुनसफ नवा आहे, त्याने रानड्यांना कधी पाहिलेले नाही. खत पुढे येते, दीडशेचे, निशाणी कबूल. मुनसफ खत बाजूला ठेवतो आणि प्रतिवादीला विचारतो, की पैसे पहिल्यांदा घेतले ते कोणत्या साली आणि कशासाठी. वाद्याचा वकील उठून हरकत घेतो: निशाणी कबूल असताना मागचे उकरायचे कारण काय?

हरकत नामंजूर होते. प्रतिवादी थोरलीच्या लग्नापासून सुरुवात करतो.