धरणे : धनकोचा शब्द

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाबाहेर कोणी धरणे धरले की त्याची नोंद 'कायदा व सुव्यवस्था' या सदराखाली होते. शासकीय सेवेत मी हेच पाहत आलो. या शब्दाचे कूळ शोधू लागलो, तेव्हा मात्र तो धनको आणि ऋणको यांच्या व्यवहारातला निघाला.

'धृ' या संस्कृत धातूचा अर्थ धरून ठेवणे. पाणी अडविणारे 'धरण' त्याच घरचे. हिंदी भाषक धरना 'देतात', आपण मराठी माणसे धरणे 'धरतो'. मूळ अर्थ मराठीनेच अधिक घट्ट धरला आहे, असे परमुलखात राहून मला वाटू लागले.

गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी बनारसकडील जुन्या धरण्याचे वर्णन केले आहे. ब्राह्मण विष किंवा खंजीर घेऊन दाराशी बसे आणि उपवास करी. त्याला ओलांडून जाणाऱ्याच्या माथी ब्रह्महत्येचे पाप येई. विशेष म्हणजे बाहेरचा उपाशी असेतो घरातल्यानेही अन्न घेऊ नये, असा संकेत होता. कंपनी सरकारने 1795 च्या विनियमाने बनारस प्रांतात ही प्रथा मना केली.

मराठी फौजांत थकलेल्या पगारासाठी शिपाई वरिष्ठांपुढे धरणे धरून बसत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत 1809 मध्ये असलेल्या ब्रॉटनच्या पत्रांत धरण्याची हकीकत आहे. पेशवाईनंतर एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात अशा वसुलीची नोंद 'तगादा' या नावाखाली केली. म्हणजे धरणेकरी याचक नव्हता. त्याचे येणे बाकी असे.

1860 च्या भारतीय दंड संहितेने, कलम 508 मध्ये, दैवी कोपाची भीती घालण्यासाठी धरलेले धरणे गुन्हा ठरविले. 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 354 खालीही तेच उदाहरण कायम आहे. गांधीजींनाही ही रीत रुचली नव्हती. असहकाराच्या काळात कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी सहाध्यायांची वाट अडवून धरणे धरले, तेव्हा 1921 च्या फेब्रुवारीत 'यंग इंडिया'त त्यांनी त्याला जुन्या रानटीपणाचे पुनरुज्जीवन म्हटले. ज्याच्याकडे आपले काही येणे नाही त्याला अडविणे, हा माझ्या मते त्या प्रकारातला खरा दोष.

शब्दाचा मूळ अर्थ परतला तो राजस्थानातील ब्यावरला. 1996 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने तेथे चाळीस दिवस धरणे धरले. मागणी पैशाची नव्हती, हिशेबाची होती: गावातल्या कामांवर झालेल्या खर्चाची कागदपत्रे लोकांना पाहता यावीत. राजस्थानात 2000 साली आणि केंद्रात 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, त्यामागे इतर प्रयत्नांबरोबर हा तगादाही होता.

जुन्या रिवाजातील एक कलम मात्र गळून पडले आहे. फाटकाबाहेर उपोषण चालू असताना आत चहा वेळेवर येतो.