जुने विमापत्र आणि दूषित भूमी : नाशिकच्या संदर्भात

मुदत संपताच विमापत्राचे मोल संपते, ही समजूत दायित्वविम्याच्या बाबतीत सर्वस्वी खरी नाही. विमापत्र घटनेवर आधारलेले असल्यास हानी ज्या वर्षी घडली त्या वर्षीचे विमापत्र लागू होते. दावा मागाहून आला तरी चालतो. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने भूमिशुद्धीचा भार पूर्वीच्या मालकांवरही टाकला, तेव्हा अनेक कारखानदारांनी जुनी दप्तरे धुंडाळली. प्रदूषणाचा अपवाद तेथील विमापत्रांत १९७० नंतर रूढ झाला. त्यामुळे त्यापूर्वीची विमापत्रे विशेष मोलाची ठरली.

नाशिकचे सातपूर व अंबड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहती होत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला. परंतु मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये व खासगी मालमत्तेसाठी कमाल ६,००० रुपये भरपाई होती. भूमी व भूजल यांच्या शुद्धीला तीत स्थान नव्हते. उलट बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हा खर्च प्रदूषकाकडूनच वसूल करण्याचे तत्त्व मान्य केले. मात्र प्रदूषक कारखाना बंद पडला असेल, तर पैसा कोणाकडून मिळणार?

येथे विम्याचा इतिहास उपयोगी पडतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने १०७ विमासंस्थांचा व्यवसाय चार कंपन्यांत एकवटला. त्यापूर्वीचे दायित्वविमापत्र आढळल्यास त्याचा वारस शोधता येतो; त्यातून रक्कम मिळेल की नाही, हे मात्र त्यातील शब्दांवर ठरेल. म्हणून बंद कारखान्यांची हप्त्यांची पावती-पुस्तके व हिशेबवह्या रद्दीत जाण्यापूर्वी जतन करणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.