मामाचं आडनाव

ऑलिव्हर क्रॉमवेल म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातला तो करारी चेहरा आठवतो. १६४९ मध्ये चार्ल्स राजाचं डोकं उडवण्यात पुढाकार घेणारा, पुढे इंग्लंडचा 'लॉर्ड प्रोटेक्टर' झालेला. गंमत अशी, की बापाच्या वंशाने पाहिलं तर हा माणूस क्रॉमवेल नव्हताच. तो विल्यम्स!

मुळात क्रॉमवेल हे गावाचं नाव. नॉटिंगहॅमशायरमध्ये हे गाव आजही आहे. जुन्या इंग्रजीत अर्थ होतो 'वाकडा ओढा'. म्हणजे आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांचंच भावंड म्हणा ना.

सोळाव्या शतकाच्या आसपास लंडनजवळच्या पटनीत वॉल्टर क्रॉमवेल राहायचा. लोहारकी, दारू गाळणं, लोकरी कापडाचं काम, असे नाना धंदे. कागदपत्रांत कुठे कुठे तो 'क्रॉमवेल ऊर्फ स्मिथ' आहे. स्मिथ म्हणजे लोहार. गाव टिकलं, धंदा गळला. उलटं झालं असतं तर हे घराणं इंग्लंडमधल्या असंख्य स्मिथांत हरवून गेलं असतं.

या वॉल्टरचा मुलगा थॉमस. तो चढत चढत आठव्या हेन्रीचा सर्वात वजनदार मंत्री झाला. थॉमसची बहीण कॅथरिन. तिचा नवरा मॉर्गन विल्यम्स हा वेल्समधल्या घराण्यातला.

वेल्समध्ये तेव्हा आपल्यासारखं कायमचं आडनाव फारसं नसे. मुलाच्या नावापुढे 'अॅप', म्हणजे 'चा मुलगा', आणि मग बापाचं नाव. पिढी बदलली की शेपूटही बदलायचं. पुढे हे 'अॅप' गोठून गेले. अॅप रीसचा प्राइस झाला, अॅप हॉवेलचा पॉवेल. अशा परंपरेतून आलेल्या माणसाला आडनाव म्हणजे दगडावरची रेघ वाटत नसणार.

मॉर्गन आणि कॅथरिनचा मुलगा रिचर्ड. तो मामाच्या हाताखाली लागला आणि मामाचंच आडनाव लावू लागला. का, ते सांगायला नको! १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले, त्यांच्या जमिनी वाटल्या गेल्या. ते काम मामाच्याच देखरेखीखाली चालू होतं. भाच्याच्या पदरात हिंचिंगब्रूक आणि रॅम्झी पडले.

मग २८ जुलै १५४० ला हेन्रीने थॉमसचा शिरच्छेद करवला. ज्याच्यासाठी नाव घेतलं तो मामाच गेला, आणि तोही राजद्रोही ठरून. पण रिचर्डने नाव सोडलं नाही. जमीनही राहिली. पुढच्या पिढ्यांच्या कायदेशीर कागदांत मात्र 'विल्यम्स ऊर्फ क्रॉमवेल' असं जोडनाव दिसत राहिलं.

ऑलिव्हर हा या रिचर्डचा पणतू. १५९९ मध्ये हंटिंग्डनला जन्मला. हे नाव त्याने इतकं मोठं केलं की त्याच्या नातलगांनाच ते जड झालं. १६५८ मध्ये तो वारला, १६६० मध्ये राजेशाही परतली आणि १६६१ मध्ये त्याचं प्रेत उकरून फासावर टांगलं. त्याच्या हयातीतच राजाच्या बाजूने लढलेले रॅम्झीचे चुलत नातलग आता पुन्हा विल्यम्स झाले. त्याचा मुलगा, धाकटा रिचर्ड, वर्षभरही सत्ता टिकवू शकला नव्हता. तो बरीच वर्षं परदेशात काढून परत आला आणि जॉन क्लार्क या नावाने गुपचूप राहिला. १७१२ मध्ये, पंचाऐंशी वर्षांचा होऊन, शांतपणे गेला.

आडनाव ऐकलं की लगेच माणसाचं गाव, जात, सगळं काढायची आपल्याला भारी हौस. नाव म्हणजे रक्तच, असं आपण धरून चालतो. इथे बघा, एका घराण्याने दीडशे वर्षांत सोयीसाठी नाव घेतलं, निष्ठेने म्हणा की हिशेबाने जपलं आणि भीतीने टाकलं. रक्त तेच होतं. आडनाव सांगत होतं ते एवढंच, की त्या त्या वेळी कोणाच्या सावलीत उभं राहणं परवडत होतं.